पहाटे चारला वीज गेली तर? टेक्सासची थंडी आणि आपलं नाशिक

गोदाकाठ (इंदिरानगर, नाशिक)

मंडळी, थंडी वाढली की आपल्याकडे पहिली चर्चा निफाडच्या पाऱ्याची. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा सकाळी सकाळी प्रत्येक ग्रुपवर येतो, सोबत दवबिंदू गोठल्याचे फोटो. त्यामागोमाग दुसरा प्रश्न असतोच, "पहाटे लाइट गेली होती का हो तुमच्याकडे?" या दुसऱ्या प्रश्नावर नीट बोलावं म्हणून हा धागा. मी अंबडच्या एका कारखान्यात विद्युत देखभाल बघतो, त्यामुळे विषय रोजच्या कामाचा आहे आणि जिव्हाळ्याचाही.

सुरुवात टेक्सासपासून करतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे जे झालं ते वीज क्षेत्रातल्या प्रत्येकाने अभ्यासावं असं आहे. उन्हाळा सोसायची सवय असलेलं राज्य, आणि तिथे पारा शून्याच्या बराच खाली जाऊन कित्येक दिवस वर यायलाच तयार नाही. तिथल्या निम्म्याहून जास्त घरांत ऊब विजेवरच मिळते. मागणी वाढत गेली आणि नेमकी त्याच वेळी वीजनिर्मिती केंद्रं एकामागून एक बंद पडायला लागली. १५ फेब्रुवारीला मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास तिथलं ग्रिड, म्हणजे वीज पोचवणारं सामायिक जाळं, चालवणाऱ्या एरकॉट या संस्थेने लोडशेडिंगचे आदेश द्यायला सुरुवात केली.

त्या रात्रीची फ्रिक्वेन्सी बघा. तिकडे ती ६० हर्ट्झ असावी लागते, आपल्याकडे ५०. मागणी आणि निर्मिती यांचा तोल सुटला की हा आकडा घसरतो. त्या रात्री दोनच्या आसपास तो ५९.३ पर्यंत उतरला आणि ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिला. ९ मिनिटं राहिला असता तर उरलेली जनित्रंही स्वतःला वाचवायला आपोआप सुटली असती आणि अख्खं राज्य अंधारात गेलं असतं. मग सगळं शून्यातून उभं करायला किती आठवडे लागले असते ते सांगता येत नाही. तोल सावरण्यासाठी एका टप्प्यावर २०,००० मेगावॉटची मागणी तोडावी लागली. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले तर ६३० मेगावॉट देतात. म्हणजे तीसहून जास्त एकलहरे एकदम कमी पडले असं समजा. ४५ लाखांवर घरं अंधारात गेली आणि तिथल्या आरोग्य खात्याने नंतर २४६ मृत्यू मोजले.

आता मुद्दा असा की केंद्रं बंद का पडली? फक्त इंधन कमी पडलं म्हणून नाही. सर्वांत जास्त ठिकाणी बारीकसारीक गोष्टी गोठल्या. दक्षिण टेक्सासमधल्या अणुऊर्जा केंद्रातली हजार मेगावॉटहून मोठी एक अणुभट्टी थांबली ती वाफेसाठी पाणी पुरवणाऱ्या फीडवॉटर पंपाकडच्या दाब मोजणाऱ्या बारीक नळ्या गोठल्या म्हणून. नळीतलं पाणी गोठलं, सेन्सरने चुकीचा दाब दाखवला, संरक्षण यंत्रणेने आपलं काम केलं आणि संच बंद. गॅसच्या विहिरींच्या तोंडाशी बर्फ धरला. गॅस पुढे ढकलणारे काही कॉम्प्रेसर विजेवर चालणारे, आणि त्यांची नोंद 'अत्यावश्यक' म्हणून कुणी केलीच नव्हती. त्यामुळे लोडशेडिंगमध्ये त्यांचीच वीज कापली गेली. गॅस नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून गॅस नाही. पवनचक्क्यांची पातीही गोठली, पण सगळा दोष त्यांच्यावर टाकणं खरं नव्हतं. बंद पडलेल्यांत गॅसवरचेच संच सर्वांत जास्त होते.

याच राज्यातलं एल पासो शहर मात्र बऱ्यापैकी वाचलं. ते एरकॉटच्या ग्रिडमध्ये नाही, पश्चिमेकडच्या मोठ्या ग्रिडला जोडलेलं आहे हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. २०११ च्या फेब्रुवारीतही तिथे अशीच थंडी येऊन गेली होती. त्यानंतर एल पासोने पैसे खर्च करून आपली केंद्रं थंडीला तोंड देतील अशी केली. बाकी राज्याला शिफारशी मिळाल्या होत्या, सक्ती नव्हती. सक्तीचा कायदा २०२१ च्या जूनमध्ये आला, माणसं गेल्यावर.

म्हणून माझं म्हणणं असं की थंडीने ग्रिड पडत नाही, थंडी येण्याआधी न केलेल्या कामांनी पडतं. घरातल्या, सोसायटीतल्या आणि मळ्यातल्या बॅकअपलाही हेच लागू आहे. किती वॅटचा इन्व्हर्टर घेऊ हा प्रश्न नंतरचा. वीज गेल्यावर आपल्याकडे नक्की काय थांबून चालणार नाही, ते आधी ठरवा. तुमच्याकडे काय आहे अशा यादीत? लिहा.

---

द्राक्षबाग_निफाड

दादा, चांगला विषय काढलात. आमची यादी एका ओळीची आहे : पहाटे तीन ते सहा विहिरीवरची मोटर.

शहरातल्या मंडळींसाठी सांगतो. ऑक्टोबर छाटणीची द्राक्षबाग डिसेंबर-जानेवारीत मण्यांत पाणी उतरण्याच्या टप्प्यावर येते. पारा दहाच्या खाली गेला की मण्याची फुगवण थांबते, साखर भरत नाही. पाच-सहावर आला आणि दुपारी कडक ऊन पडलं तर मणी तडकतात. थॉमसन जातीत पिंक बेरीची भीती असते, हिरव्या मण्यावर गुलाबी झाक आली की निर्यातीचा माल स्थानिक बाजाराचा होतो. त्यासाठी आम्ही घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळतो, एकेका घडाला. थंडीत भुरी रोग वेगळाच.

पहाटेचा उपाय दोनच. बांधावर शेकोट्या पेटवून धूर करायचा आणि ठिबकमधून पाणी सोडायचं. विहिरीचं पाणी थंडीतही कोमट असतं, मुळांशी ऊब राहते. आणि तेव्हाच जर थ्री फेज नसेल तर मोटर कशावर चालवायची? आमच्याकडे शेतीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी शेतीची लाइन, आठवड्याच्या पाळीने चालतो, कधी दिवसा कधी रात्री. रात्रीची पाळी असली तरी पहाटेच्या सुमारास फॉल्ट झाला की उजाडेपर्यंत कुणी येत नाही. येणार तरी कसं, या भागात उसात बिबट्या आहे.

---

कांदाभाकर (लासलगाव)

दिवसा वीज हवी ही आमची मागणी बिबट्यामुळेच आहे. रात्री पाणी भरायला गेलेल्या माणसांवर हल्ले झालेत, अशा बातम्या सगळ्यांनीच वाचल्या आहेत. निफाडकरदादांना पहाटे हवी, आम्हाला दिवसा. दोन्ही खरं आहे.

---

ऑस्टिनवासी (मूळचा नाशिकरोडचा)

२०२१ ला मी इथेच होतो, घरात दोन लहान मुलं. गोदाकाठ यांनी लिहिलेलं वाचताना अंगावर काटा आला.

एक गोष्ट जोडतो. आम्हाला सांगितलं होतं की वीज पाळीपाळीने जाईल. तसं झालं नाही. ज्या फीडरवर रुग्णालय किंवा पाणीपुरवठ्याचं केंद्र होतं ते तोडता येत नव्हते आणि तुटवडा एवढा मोठा की उरलेल्या फीडरना परत वीज द्यायला जागाच नव्हती. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूला दिवे चालू आणि दुसऱ्या बाजूला आम्ही तीन दिवस अंधारात. लोकांचा राग त्यावरच होता.

इथली घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, पाण्याचे पाइप भिंतीत आणि माळ्यावर उघडेच. वीज गेली, घर गार पडलं, पाइप फुटले, छतातून पाणी. नंतर कित्येक शहरांत पाणी उकळून प्या अशी सूचना होती. आणि उकळायचं कशावर? ज्यांच्याकडे गॅसची शेगडी होती त्यांच्याकडे शेजारचे लोक पातेली घेऊन यायचे.

सगळ्यात वाईट म्हणजे लोकांनी उबेसाठी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली, घरात कोळसा पेटवला, जनरेटर दाराशी लावला. कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली. हे पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

---

डॉ_पंचवटी

ऑस्टिनवासी यांनी शेवटी जे लिहिलं त्यावर डॉक्टर म्हणून लिहिते, कारण हे आपल्याकडेही दर हिवाळ्यात होतं.

कोळशाची शेगडी पेटवून दार-खिडक्या लावून झोपू नका. शेगडीतल्या निखाऱ्यांना धूर नसतो म्हणून लोकांना ती सुरक्षित वाटते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बागेतल्या शेकोटीवरून उरलेले निखारे घमेल्यात भरून राखणदाराच्या खोलीत ठेवायची पद्धत आहे ना, ती तर अगदीच थांबवा.

गॅस गीझरचंही तेच. बंद बाथरूममध्ये, एक्झॉस्ट नसताना, लागोपाठ तिघांच्या अंघोळी झाल्या की शेवटच्याला धोका सर्वांत जास्त. लाइट नाही म्हणजे एक्झॉस्ट फॅनही नाही, हे लक्षात ठेवा. तेव्हा खिडकी उघडी हवी, गारठा आत आला तरी चालेल. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवला तर उत्तमच. सोसायटीचा जनरेटर पार्किंगच्या कोपऱ्यात असेल तर त्याचा धूर वर मोकळ्या हवेत नेणारा पाइप आहे का ते आजच बघा.

कुणाला वीज नसताना डोकं दुखतंय, चक्कर येते आणि घरात काहीतरी पेटलेलं आहे, तर आधी त्या माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा. मग बाकीचं.

---

खांबावरचा_माणूस (सिन्नर)

आयुष्य लाइनवर काढलं, आता निवृत्त आहे. थंडीत पहाटेच लाइट का जाते ते सांगतो, कारण लोकांना वाटतं मुद्दाम घालवतात.

एक म्हणजे दव. उन्हाळ्या-पावसाळ्यानंतर चिनी मातीच्या इन्सुलेटरवर धूळ बसलेली असते. कोरडी धूळ काही करत नाही. पहाटे तिच्यावर दव पडलं की तिचा चिखल होतो आणि त्यावरून करंट खांबाकडे वाहायला लागतो. तडतड आवाज येतो, निळसर ठिणगी दिसते, मग फीडर ट्रिप. उत्तर भारतात धुक्याच्या दिवसांत मोठ्या लाइनी याच कारणाने ट्रिप होत, म्हणून तिकडे पॉलिमरचे इन्सुलेटर बसवले. आपल्याकडे वीटभट्टी आणि रस्त्याच्या कामाजवळच्या लाइनी आधी बघायच्या.

दुसरं, तार. थंडीत तार आखडते, ताण वाढतो. जिथे जुना सांधा आहे, जंपर (दोन तारा जोडणारा तुकडा) सैल आहे, तिथे पहाटे तुटते. दिवाळीनंतर एकदा लाइन फिरून सांधे पाहिले की निम्मी दुखणी कमी होतात. पण त्याला माणसं लागतात. आता एकेका वायरमनकडे किती गावं असतात ते त्यालाच विचारा.

तिसरं, आणि हे शेतकरी बांधवांना हात जोडून सांगतो, ऑटो स्टार्टर. लाइट आली की फीडरवरच्या सगळ्या मोटरी एका क्षणात उठतात. मोटर उठताना चालू करंटच्या पाच-सहा पट ओढते. शंभर मोटरी एकदम उठल्या की डीपीचा (भागातल्या ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज जातो, नाहीतर फीडर परत बसतो. मग तुम्ही म्हणता लाइट आली आणि लगेच गेली. ऑटोमध्ये टायमर असतो. एकाने दोन मिनिटं, दुसऱ्याने पाच, तिसऱ्याने आठ असं एका डीपीवरच्या लोकांनी वाटून घ्या. खर्च काही नाही.

---

गोदाकाठ

काका, हेच टेक्सासलाही झालं. तासन्‌तास बंद असलेला फीडर चालू करायला गेलं की गारठलेल्या सगळ्या घरांतले हीटर एकदम लागायचे आणि नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार यायचा. म्हणून तोडलेली वीज परत जोडणं अवघड होऊन बसलं. ऑस्टिनवासींच्या फीडरची पाळी न फिरण्यामागे तेही एक कारण.

आमच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत सकाळी सहा ते आठ हाच प्रकार असतो. चाळीस घरांत दोन-दोन किलोवॉटचे गीझर एका वेळी लागले तर ८० किलोवॉट फक्त अंघोळीला. वीज जाऊन आली की सगळे गीझर चालूच असतात. वीज गेल्यावर गीझरचा स्विच बंद करणं आणि आल्यावर दहा मिनिटांनी लावणं एवढं प्रत्येकाने केलं तरी ट्रान्सफॉर्मरला श्वास मिळतो. ज्यांच्याकडे गच्चीवर सोलर वॉटर हीटर आहे त्यांनी तो नीट चालू ठेवा, पहाटेच्या भारातून तेवढं घर वजा होतं.

---

गंगापूररोड_४२२०१३

माझा प्रश्न. आम्ही गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवलं, सूर्यघर योजनेतून ७८ हजारांचं अनुदानही मिळालं. बिल जवळपास शून्यावर आलं. पण मागच्या आठवड्यात भर दुपारी वीज गेली तेव्हा घरात काहीच चालेना. ऊन होतं, पॅनल होतं, वीज नाही. बसवणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. बिघाड आहे का?

---

खांबावरचा_माणूस

बिघाड नाही. ते तसंच असायला हवं. लाइन बंद समजून आमचा माणूस खांबावर चढलेला असतो आणि तुमच्या गच्चीवरून त्याच तारेत वीज आली तर तो जळून खाली येईल. म्हणून ऑनग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतः बंद होतो.

यावरून जनरेटरवाल्यांना सांगतो. जनरेटरची वायर थेट घरातल्या प्लगमध्ये खुपसून घर चालू करतात, मेन स्विच पाडायला विसरतात. तीच वीज उलटी डीपीत जाते आणि डीपी ती चढवून ११ हजार व्होल्टच्या लाइनवर टाकते. माझ्या ओळखीतला माणूस यात गेला आहे. चेंजओव्हर स्विच बसवा, म्हणजे एका वेळी एकच वाट उघडी राहते. तो बसवल्याशिवाय जनरेटरला हात लावू नका.

---

गोदाकाठ

गंगापूररोड, काकांनी सांगितलं तेच. वीज गेल्यावरही सोलर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. तो वीज गेली की घराला ग्रिडपासून तोडतो आणि घरातल्या ठरावीक सर्किटना बॅटरी व पॅनलवर चालवतो. खर्च बराच वाढतो, त्यामुळे सगळं घर त्यावर घालू नका. फ्रीज, दिवे, राउटर, पाण्याचा छोटा पंप एवढंच वेगळ्या सर्किटवर काढून घ्या. गीझर, इस्त्री, हीटर बाहेर ठेवा. नवीन बसवणाऱ्यांनी तर हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

---

मायलेकी_सिडको

माझ्या आईला रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र) लागतो. आमच्या यादीत तो एकच आहे. इन्व्हर्टरला १५० एएचची (अँपिअर-तास) एक बॅटरी आहे. दुकानदार म्हणाला सहा तास चालेल. भरवसा ठेवू का?

---

गोदाकाठ

ताई, हिशेब मांडून दाखवतो, म्हणजे तुम्हालाच ठरवता येईल.

१२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १,८०० वॅट-तास. हे कागदावरचं. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही थोडं वाया जातं. हाती हजार-अकराशे वॅट-तास धरा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० वॅट घेतो, मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं, बघून घ्या. म्हणजे साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असताना आणि दुसरं काही चालू नसताना. शिवाय शिशाच्या बॅटरीची क्षमता पंचवीस-सत्तावीस अंशांना मोजलेली असते. पारा सात-आठवर आला की ती दहा-पंधरा टक्के कमी देते. तीन वर्षं जुनी असेल तर आणखी कमी. सहा तासांवर अजिबात विसंबू नका.

बॅटरी गार गॅलरीत असेल तर घरात घ्या, हवा खेळती राहील अशा जागी. डिस्टिल्ड वॉटर तपासा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर कोमट पाण्याने साफ करून व्हॅसलिन लावा. मग आई जागी असताना, दिवसा, तुम्ही शेजारी बसून मेन बंद करून बघा, खरोखर किती वेळ चालतं ते. निम्मी बॅटरी उतरल्यावर थांबवा.

आणि विजेवर न चालणारा एक उपाय घरात असलाच पाहिजे.

---

डॉ_पंचवटी

तो मी सांगते. भरलेला बी टाइप सिलिंडर घरी ठेवा. त्यात साधारण दीड हजार लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला दोन लिटरने बारा तास पुरतो. फ्लो मीटर आणि ह्युमिडिफायर बाटली जोडून ठेवा, आणि सिलिंडर उघडायची चावी त्यालाच दोरीने बांधा. ऐन वेळी चावी सापडत नाही असं होतं. जवळ दिवा, उदबत्ती, मेणबत्ती नको. आईंना किती लिटरचा फ्लो द्यायचा हे तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि भिंतीवर चिकटवा.

---

मायलेकी_सिडको

दोघांचे मनापासून आभार. उद्याच दिवसा चाचणी करते आणि सिलिंडरचं बघते.

---

सातपूर_उद्योजक

थोडं वेगळं मत मांडतो. बिल वेळेवर भरतो, स्थिर आकार वेगळा भरतो, मग बॅकअपचा खर्चही ग्राहकानेच का करायचा? प्रत्येकाने इन्व्हर्टर-जनरेटर घेतला की ग्रिड सुधारण्याचा दबावच संपतो. ज्याला परवडत नाही तो अंधारात बसतो आणि ज्याला परवडतं तो बोलायचं बंद करतो. टेक्सासमध्येही श्रीमंत वस्त्यांत जनरेटर होतेच. त्याने मृत्यू थांबले का?

---

गोदाकाठ

तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो, आणि धागा काढण्यामागे तीच तळमळ आहे. ग्रिड हे सामायिक आहे. काकांनी सांगितलेली दिवाळीनंतरची लाइन पाहणी, इन्सुलेटर बदलणं, पुरेसे वायरमन, हे आपण ग्राहक म्हणून लेखी मागितलं पाहिजे. सोसायटीच्या, ग्रामसभेच्या ठरावाने मागितलं पाहिजे. कोणता फीडर कोणत्या दिवशी किती वेळ बंद होता याची वही ठेवा. तोंडी तक्रारीला उत्तर मिळत नाही, तारखांना द्यावं लागतं.

पण मायलेकी ताईंच्या आईसाठी ग्रिड सुधारेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून जिथे जीव किंवा वर्षाचं पीक अडकलंय तिथे बॅकअप, आणि बाकी सगळ्यासाठी चांगल्या ग्रिडचा आग्रह. गीझर आणि टीव्हीसाठी प्रत्येक घराने डिझेल जाळावं या मताचा मीही नाही.

---

विद्यार्थी_केटीएचएम

आपलं ग्रिड टेक्साससारखं पडू शकतं का? प्रोजेक्टसाठी विचारतोय.

---

गोदाकाठ

कोणतंही पडू शकतं. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला आपल्याकडे पडलं होतं. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड मिळून साठ कोटींवर लोकांना फटका बसला. पश्चिम ग्रिड, म्हणजे आपण, तेव्हा वाचलो. तेव्हा ग्रिड पडण्याचं कारण थंडी नव्हती, पण धडा तोच, आधीच ताणलेल्या जोडलाइनी.

आपली जमेची बाजू अशी की ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला. एका भागात कमी पडलं तर दुसरीकडून येतं. टेक्सासने आपलं ग्रिड मुद्दाम वेगळं ठेवलं आहे. बाहेरून येणाऱ्या जोडण्या सगळ्या मिळून जेमतेम १,२०० मेगावॉटच्या आसपास. वीस हजारांची तूट तिथून भरणारच नव्हती. आपल्याकडे फ्रिक्वेन्सी साडेएकोणपन्नासच्या खाली घसरली की टप्प्याटप्प्याने फीडर आपोआप तुटतात, तीही एक ढाल आहे. प्रोजेक्टमध्ये डिसेंबर २०२२ चं एलियट वादळही घ्या. तेव्हा अमेरिकेतल्या टीव्हीए या मोठ्या वीज संस्थेवर तिच्या इतिहासात पहिल्यांदा पाळीचं लोडशेडिंग करायची वेळ आली. म्हणजे मोठ्या ग्रिडला जोडलेले असूनही थंडी नडते.

---

तोफखाना_देवळाली

लेहमध्ये काढलेले हिवाळे आठवले. पूर्वी तिथे ग्रिडच नव्हतं, डिझेल जनरेटर आणि थोडीफार जलविद्युत. श्रीनगर-लेह २२० केव्ही लाइन फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. त्याआधी साधं डिझेल रात्री टाकीत घट्ट व्हायचं. इंजिनाखाली शेगडी ठेवून गरम करायचे, धोका पत्करून. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आलं तेव्हा केवढी सोय झाली.

नाशिकला डिझेल गोठायची भीती नाही. इथे जनरेटर सुरू होत नाही तो बॅटरी उतरल्यामुळे. महिनोन्‌महिने कुणी हात लावलेला नसतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास, लिफ्ट आणि पाण्याच्या पंपाचा भार टाकून चालवा. रिकामा चालवून काही कळत नाही.

---

द्राक्षबाग_निफाड

माझ्या मोटरीकडे वळू का परत? सौर पंपाचं सगळे सांगतात. सौर पंप ऊन आल्यावर चालतो, मला पहाटे पाणी हवं. एक पाहुणे म्हणाले, दिवसा सौर पंपाने उंचावरची टाकी भरून ठेवा आणि पहाटे कॉक सोडा, वीज नको आणि डिझेल नको.

---

कांदाभाकर

टाकीच्या उताराने ठिबक चालत नाही दादा. ठिबकला एक किलो दाब लागतो, म्हणजे दहा मीटर उंची. सपाट निफाडात दहा मीटरवर टाकी कोण बांधणार? शिवाय टाकीतलं पाणी रात्रभर गार होतं, मग कोमट पाण्याचा फायदाच गेला.

---

द्राक्षबाग_निफाड

गार पाण्याचा मुद्दा बरोबर आहे, तो डोक्यात नव्हता. दिंडोरीकडच्या डोंगरउतारावरच्या बागांना उंचीचं जमेल, आम्हाला नाही. मग ट्रॅक्टरवरचा जनरेटर? मोटर पाच एचपीची, विहिरीत.

---

खांबावरचा_माणूस

तेच करा. पाच एचपी म्हणजे पावणेचार किलोवॉट, पण उठताना कितीतरी जास्त ओढते. पाच केव्हीएच्या जनरेटरवर ती नुसती घुरघुरेल आणि वाइंडिंग जाळेल. पंधरा केव्हीएचा घ्या, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर कमी करंटवर उठवणारा) असेल तर दहावरही निभावेल. ट्रॅक्टरच्या पीटीओचे (मागच्या फिरत्या दांड्याचे) फेरे जनरेटरवर लिहिलेत तेवढेच ठेवा, ॲक्सिलरेटर मागेपुढे केला की व्होल्टेज हलतं. फेजची अदलाबदल झाली तर पंप उलटा फिरतो, पाणी कमी येतं, ते पहिल्या दिवशीच तपासा. दोघा-तिघांत मिळून एक घेतला तरी पुरतो, एकाचं पाणी तीनला, दुसऱ्याचं साडेचारला.

---

द्राक्षबाग_निफाड

शेजारच्या दोघांशी बोललो, तिघांत घ्यायचं ठरतंय. काका, चेंजओव्हर पेटीत बसवायचा की विहिरीवर?

---

खांबावरचा_माणूस

स्टार्टरच्या आधी, मीटरच्या नंतर, पेटीतच. चार पोलचा, ६३ अँपिअरचा घ्या. बसवताना डीपीवरून लाइन बंद करून घ्या आणि परवानाधारक वायरमन बोलवा. अर्थिंगचा खड्डा जुना असेल तर मीठ-कोळसा घालून पाणी टाका, हिवाळ्यात तो कोरडा पडलेला असतो.